खेडेकरकाकांचं मुख्य कारण

आमच्या सोसायटीतले खेडेकरकाका रोज सकाळी एका इमारतीला पाणी घालतात. इमारतीतल्या झाडांना नव्हे, इमारतीलाच. आणि तीही पुरी इमारत नाही, नुसते खांब. आमच्या कंपाउंडपलीकडे पालिकेच्या भूखंडावर वाचनालय व्हायचं होतं. त्याचे खांब उभे राहिले आणि काम थांबलं. वर स्लॅब नाही, बाजूला भिंत नाही. एक जिना आहे, पण तो कुठेच जात नाही. या खांबांमधून काका बादली आणि प्लास्टिकचा मग घेऊन फिरतात आणि हात पोचेल तिथून खाली प्रत्येकाला पाणी घालतात. तुळशीला घालावं तसं, मान जराशी वाकवून. खांबांच्या डोक्यावरून वर आलेल्या सळया गंजू नयेत म्हणून सोसायटीची शिडी लावून त्यांनी त्यांना काकूंच्या जुन्या साड्यांचे तुकडे गुंडाळलेत. माझ्या गॅलरीतून पाहिलं तर लग्नाला निघालेल्या बायका रिक्षाची वाट बघत उभ्या आहेत असं वाटतं.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी. कल्याण सोडून डोंबिवलीत राहायला आलो आणि पहिल्याच वार्षिक सभेत माझी एकमताने निवड झाली, कारण त्या सभेला मी गेलो नव्हतो. इथे हीच पद्धत आहे. जो येत नाही तो सेक्रेटरी. त्यामुळे पुढच्या सगळ्या सभांना लोक तापातसुद्धा येतात आणि मी पदावर कायम आहे.

खेडेकरकाकांबद्दलची पहिली तक्रार खजिनदार तावड्यांनी आणली. उन्हाळ्यात आम्हाला टँकर मागवावा लागतो आणि तावडे ते पाणी तूप असल्यासारखं जपतात.

"सेक्रेटरी, तो माणूस सोसायटीचं पाणी खांबांना पाजतो. तुम्ही बोला जरा."

"तुमची त्यांची जुनी ओळख. तुम्हीच बोला ना."

"मी बोललो तर ते मला कारण सांगतील," तावडे म्हणाले आणि लगबगीने निघून गेले. तेव्हा मला या वाक्यातली भीती कळली नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाण्याआधी मी त्या भूखंडावर गेलो. दाराशी पालिकेचा मोठा फलक आहे. 'काम प्रगतीपथावर आहे' असं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. खाली कंत्राटदाराचं नाव असतं त्या जागी कुठल्यातरी दहावीच्या क्लासची जाहिरात चिकटवलेली होती. आत काका होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, चष्मा दोरीने गळ्यात. कल्याणजवळ मोहन्याच्या एका कारखान्यात त्यांनी स्टोअर सांभाळलं. कारखाना बंद पडला, पण दर वस्तूकडे ती आता कपाटात ठेवायची आहे असं बघायची नजर राहिली. माझ्याकडेही त्यांनी तसंच बघितलं.

"काका, हे पाणी सोसायटीचं..."

"प्युरिफायरचं आहे," काका म्हणाले. "तुमच्या घरोघरी ती मशिनं आहेत ना, ती एक ग्लास पाणी देतात आणि दोन ग्लास फेकून देतात. ते फेकलेलं मी गोळा करतो. लोक बादल्या दाराबाहेर ठेवतात. या बादलीत तावड्यांच्या घरचंही आहे. वहिनी देतात. त्याला सांगू नका."

पहिली फेरी ते जिंकले होते. पण मीही बँकेत कर्ज विभागात आहे, इतक्यात सोडत नाही.

"पण खांबांना पाणी कशाला?"

"काँक्रीटला पाणी लागतं."

"ते ओलं असताना, काका. हे खांब मी राहायला यायच्या आधीपासून उभे आहेत."

"बरोबर. आता फायदा काही नाही. नुकसान आहे का, सांगा."

मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. पालिका आता नवा कंत्राटदार नेमणार होती. त्याआधी पालिकेच्या इंजिनिअर बाई येऊन हे खांब तपासणार होत्या. धड निघाले तर त्यांवरच पुढे वाचनालय उभं राहणार. नाही निघाले तर सगळे पाडायचे आणि पहिल्यापासून सुरुवात.

"हे पाडता कामा नयेत," काका म्हणाले. "आणि सेक्रेटरी, माझा अनुभव आहे. ज्याची कुणीतरी काळजी घेतलीये असं दिसतं, ते पाडताना माणसाचा हात जरा अडखळतो."

इथे मी नमस्कार करून निघायला हवं होतं. त्याऐवजी सहज, बोलायचं म्हणून, विचारलं, "पण मुळात हे काम थांबलं कशामुळे?"

काकांनी बादली खाली ठेवली. चष्मा पुसला. "कारण एक नसतं, सेक्रेटरी. पण मुख्य कारण सांगतो."

मुख्य कारण असं होतं की पाया खणताना खाली एक पाइप निघाला. पाइप कुणाचा, ते कुणालाच माहीत नाही. पाणी खातं म्हणालं आमचा नाही, ड्रेनेजवाले म्हणाले आमच्या नकाशात नाही. ज्याचा नाही तो हलवणार कोण? पाइप तसाच, कंत्राटदार खड्ड्याच्या काठावर बसून. कामाची मुदत मात्र चालू. मुदत संपली, काम काढून घेतलं. "जागा मोकळी करून न देता घर बांध म्हणायचं. म्हणजे पानात काही वाढायचं नाही आणि जेवला का नाहीस म्हणून ओरडायचं."

मला पटलं. घरी येऊन मी बायकोलाही समजावून सांगितलं. एखादी गोष्ट स्पष्ट कळल्यावर बँकेतल्या माणसाला फार बरं वाटतं. आमच्याकडे कर्ज नाकारलं की कारणाच्या रकान्यात एक ओळ लिहायची असते. एकच ओळ. तेवढीच जागा असते.

पुढच्याच आठवड्यात लिफ्टमध्ये काका भेटले. मी आपुलकीने म्हटलं, "काय काका, त्या पाइपने घात केला."

"पाइप?" काका म्हणाले. "पाइप हो किरकोळ. मुख्य कारण नकाशा."

नकाशा असा की आधी ठरलं वाचनालय. मग कुणीतरी म्हणालं, वर व्यायामशाळा करा, तरुणांची सोय होईल. मग दुसरं कुणी म्हणालं, हॉल काढा, लग्नं होतील. दर वेळी नवा नकाशा. नकाशा येईपर्यंत काम बंद. आला की आधीच्या खांबांवर एवढं वजन पेलेल का, याचा हिशोब पुन्हा. "पुस्तकांचं वजन वेगळं, नाचणाऱ्या वऱ्हाडाचं वेगळं," काका म्हणाले. तेवढ्यात लिफ्ट थांबली, पण दार उघडून एका हाताने धरून त्यांनी मला वऱ्हाडाचं वजन पूर्ण समजावलं. वर कुणीतरी लिफ्टचं दार आपटत होतं.

त्यानंतर गणपतीत आरतीला उभं असताना मुख्य कारण साहेबांची बदली हे होतं. नवा साहेब आला की त्याला जुन्या साहेबाने तोंडी दिलेली परवानगी कागदावर हवी असते, आणि जुना साहेब बदलून गेलेला असतो. दवाखान्यात रांगेत मुख्य कारण उंबर होता. प्लॉटच्या कोपऱ्यातला उंबर तोडायची परवानगी येईना. मग एका वादळात तो आपला आपणच पडला. तर पडलेला उंबर उचलायची वेगळी परवानगी लागते असं निघालं. भाजी घेताना मुख्य कारण दर होते. नवा माणूस काम मिळवायच्या नादात परवडत नाही इतक्या कमी दरात टेंडर भरतो, आणि सिमेंटचे भाव काही त्याच्याकडे बघून वाढायचे थांबत नाहीत.

माझं डोकं चालेनासं झालं. एकेक कारण ऐकताना पटायचं. पण आज पटलेलं कालच्याला पुसून टाकायचं आणि उद्याचं दोघांना. मी दुसरीकडे चौकशी केली. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, ठेकेदार पळाला. इस्त्रीवाला म्हणाला, ठेकेदाराला पळवला. सोसायटीतल्या जुन्या लोकांना विचारलं तर ते म्हणायचे, "जाऊ द्या ना," आणि खेडेकरांच्या बंद दाराकडे बघायचे. ते तसं का बघतात हेही मला कळायचं नाही. एवढं सगळं न कळणारा माणूस सेक्रेटरी म्हणून चालतो, हे मात्र मला त्या काळात कळलं.

याच दिवसांत तावड्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. साखरपुडा झालेला, हॉल घेतलेला. आम्ही सगळे भेटायला गेलो. तावडे सोफ्यावर खाली मान घालून बसलेले. काका त्यांच्या शेजारी जाऊन बसले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तावडे, करार मुदतीआधी मोडतो तेव्हा आपण लगेच माणसात खोट काढतो. मुख्य कारण तसं नसतं. दोन्ही बाजूंनी कामाची कल्पना वेगळी असते, आणि ते टेंडरच्या वेळी कुणी बोलत नाही."

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता तावडे खेडेकरकाकांना बाहेर काढणार. पण तावडे हळूच म्हणाले, "खरंय, काका." आणि आतल्या खोलीतून त्यांची मुलगी, जी सकाळपासून कुणाशी बोलली नव्हती, ती चक्क हसली. त्या घरात दिवसभरात तेवढंच कुणी हसलं असावं.

मला खरी गोष्ट कळली ती काकूंकडून, आणि तीही गोंदामुळे. एका संध्याकाळी मी कामावरून येत होतो. काका त्या फलकापाशी उभे राहून कंत्राटदाराच्या नावावर जाहिरात चिकटवत होते. जुनी उन्हापावसाने सुटली होती. ही कराटे क्लासची होती. मला वाटलं, निवृत्तीनंतर काका क्लासवाल्यांची जाहिरातबाजी करतात की काय. सेक्रेटरी म्हणून मला ते बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी काका बाहेर गेलेले बघून मी त्यांच्या घरी गेलो. काकू फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या.

"काकू, काकांना पैशाबिशाची अडचण आहे का?"

"का रे, महेश?"

मी फलकाचं सांगितलं. काकूंनी आठळी खाली ठेवली. "तुला माहीत नाही? सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे."

"काय?"

"अरे, त्या पाटीवर आमच्या निखिलचं नाव आहे."

निखिल म्हणजे त्यांचा मुलगा, एवढं मला ठाऊक होतं. भरूचला कुठल्यातरी कंपनीत आहे, इतकंच कानावर होतं. काकू सांगू लागल्या. निखिल इंजिनिअर झाला, इतरांच्या हाताखाली थोडी वर्षं काम केलं आणि मग स्वतःचा ठेका घेतला. पहिलंच सरकारी काम, आणि तेही घरासमोर. खांब भरले त्या दिवशी काकांनी मजुरांना घरी बोलावून शिरा खाऊ घातला. मग काम रखडलं, रखडलं, आणि एक दिवस टर्मिनेट झालं. निखिलचं नाव खराब झालं, इथे पुन्हा काम मिळेना. तो भरूचला नोकरीला गेला. येत नाही.

"काका सांगतात ना, पाइप, नकाशा..." मी म्हटलं.

"त्यांना काय माहीत?" काकू म्हणाल्या. "निखिल काही बोललाच नाही कधी. हे आपले पालिकेत जाऊन बसतात, कॅन्टीनमध्ये लोकांचं ऐकतात. कुठलं काम कशामुळे मोडलं, कुठलं कशामुळे. कधी कल्याणला, कधी ठाण्याला. आणि येऊन रोज एक कारण निखिलच्या कामाला लावून बघतात. मापाचा शर्ट बघावा तसं." त्यांनी पुन्हा आठळी हातात घेतली. "ज्यात पोराची चूक नाही, असं एक हवंय त्यांना."

मी खाली आलो. इतके दिवस मी ज्यांना चक्रम म्हणून हसत होतो, ते आता मला चक्रम वाटेनात. दुसऱ्या दिवसापासून आमच्या प्युरिफायरची बादलीही मी दाराबाहेर ठेवायला लागलो.

काकूंकडून आणखी एक कळलं. बापलेकांचं बोलणं जवळजवळ बंद होतं. निखिल रोज संध्याकाळी आईला फोन करायचा. काकूंच्या फोनचा कानाशी धरायचा आवाज गेलेला, त्यामुळे तो कायम स्पीकरवर. काकू स्वयंपाकघरात बोलायच्या आणि काका बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून टीव्ही बघायचे.

शेवटी तपासणीचा दिवस आला. पालिकेच्या इंजिनिअर भोईर मॅडम वयाने लहान होत्या, डोंबिवलीजवळच्याच गावातल्या. सोबत प्रयोगशाळेचा एक माणूस होता. त्याच्याकडे टॉर्चसारखं एक यंत्र. ते खांबाला टेकवून दाबलं की आत टक्कन ठोका बसतो आणि एक आकडा दिसतो. आकडा चांगला तर काँक्रीट चांगलं. सोसायटीतून विजेची वायर हवी होती म्हणून मीही तिथे होतो. काकांनी शर्टाला इस्त्री केली होती. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पालक उभे असतात, तसे ते जिन्याजवळ उभे होते.

"ह्या साड्या कोनी बांधल्यान?" मॅडमनी वर बघत विचारलं.

"मी," काका म्हणाले.

"आनि खाली हे ओलं?"

"तेही मीच."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

टक्, टक् करत तो माणूस पुढे सरकत होता आणि आकडे सांगत होता. मॅडम लिहून घेत होत्या. मला आकड्यांतलं काही कळत नव्हतं, पण मॅडमची मान होकारार्थी हलत होती आणि काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता. मग मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"झालं. बरे दिसतायत."

"तो राहिला," काका म्हणाले. त्यांनी जिन्याजवळच्या खांबाकडे बोट केलं.

"सगळे नाय बघत काका, काही निवडून बघतो. पुरेत एवढे."

मी काकांचा दंड धरला. "चला काका, झालं." हवं ते झालं होतं. खांब वाचले होते. आता माणसाने गप्प घरी जावं, शिरा करावा. काका हलले नाहीत. त्यांनी माझा हात सोडवला, बादली उचलली आणि त्या खांबापाशी गेले. मगभर पाणी त्यांनी खांबावर ओतलं.

"बघा, मॅडम. बाकीच्यांवरून पाणी घसरतं. हा पितो."

आम्ही बघत राहिलो. खरंच, कमरेएवढ्या उंचीवर पाणी आत जिरत होतं. दुसरा मग ओतला, तेही गेलं. मॅडमनी छिन्नी मागवली. वरचं गुळगुळीत सिमेंट पापुद्र्यासारखं निघालं आणि आतली खडी उघडी पडली. मध्ये मध्ये बोट जाईल अशी भोकं. भरताना काँक्रीट नीट खाली बसलं नव्हतं आणि कुणीतरी वरून सिमेंट फासून ते झाकलं होतं.

मला काकांचा संताप आला. पोराचं काम, घरासमोर, पालिकेच्या माणसांपुढे, स्वतःच्या हाताने उघडं करायचं? त्यासाठी का एवढं पाणी घातलं? मी त्यांना बाजूला घेतलं. "काका, कशाला सांगितलंत? त्या निघाल्या होत्या."

काका खांबाकडे बघत होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कारण सांगायला वेळ लागला. "इथं पोरं अभ्यासाला बसणार ना," ते म्हणाले. "याच जिन्याखाली बसतील. सावली असते."

मॅडमनी त्या भोकांत बोट घालून बघितलं. मग म्हणाल्या, "एकासाठी सगळे पाडायची गरज नाय. ह्याला बाहेरून जाड करून मजबूत करता येईल. रिपोर्ट यायचाय, पन मी पाडा असं लिहिणार नाय." मग त्यांनी इतर खांबांकडे बघितलं. "बाकीचे ज्यानी भरले त्यानी मन लावून भरले. असा मानूस काम अर्धं का सोडतो, काय समजत नाय."

ही संधी मी कशी सोडणार? "मॅडम, फाइलमध्ये काय कारण लिहिलंय?"

"विलंब."

"आणि विलंब कशामुळे?"

"ते दुसऱ्या फाइलला. ती फाइल ठाण्याला गेलीय."

"कशाला?"

"ते मला पन विचारायचंय," मॅडम म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

संध्याकाळी मी खेडेकरांकडे गेलो. शिडी त्यांच्याकडेच होती, असं निमित्त. खरं म्हणजे काका कसे आहेत ते बघायचं होतं. ते टीव्हीसमोर बसले होते, आवाज बंद. स्वयंपाकघरातून काकूंचा आणि निखिलचा आवाज येत होता. काकू त्याला दिवसभराचं सांगत होत्या, आणि सांगता सांगता बाहेर आल्या, फोन हातात धरलेला. त्यांनी तो काकांसमोर टीपॉयवर ठेवला आणि म्हणाल्या, "हे घे. यांनाच विचार."

मी उठायला लागलो तर काकूंनी हातानेच बस म्हणून खुणावलं. त्या दोघांबरोबर एकटं राहायला त्याही घाबरत असाव्यात.

"बाबा," फोनमधून आवाज आला. "जिन्याजवळचा दाखवलात ना?"

"हो." काकांनी घसा साफ केला. "दाखवला. बाकीचे पास आहेत. ती पोरगी म्हणाली, मन लावून भरलेत. तू ऐकायला हवं होतंस. आणि मी तिला तुझं नाव सांगितलं नाही. आता बघ निखिल, मी आज विचार करत होतो, या सगळ्याचं मुख्य कारण असं की पालिकेकडे ज्या वेळी..."

"बाबा."

"...मुदतवाढीचा अर्ज जातो, तेव्हा तो..."

"बाबा, थांबा ना जरा." निखिलचा आवाज चढला नव्हता, उलट खालीच गेला होता. "काम गेलं त्या दिवशी मी घरी आलेलो. तुम्हाला सांगायला आलेलो. तर तुम्ही मला पाइपचं सांगायला लागलात. दुसऱ्या दिवशी नकाशाचं. मी भरूचला गेलो, तिथेही फोनवर तेच. पाइप, उंबर, साहेब. मी म्हटलं, यांना कळून घ्यायचंच नाहीये. एकदा तरी मला विचारलंत का, काय झालं म्हणून?"

काका फोनकडे बघत राहिले. चष्मा गळ्यातल्या दोरीला लोंबत होता, तो त्यांनी मुठीत धरला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता नवीन एखादं कारण येणार, न विचारण्याचं. काकांचे ओठ हललेही. पण शब्द आला नाही. पलीकडून निखिल म्हणाला, "बाबा, आहात ना?"

"आहे," काका म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "मला वाटायचं, विचारलं तर तुला लागेल." ते खुर्चीत पुढे सरकले, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि फोनच्या अगदी जवळ वाकले. "काय झालं रे, बाळा?"

यापुढे बसणं बरं नव्हतं. इतक्या दिवसांत मला ज्या एका गोष्टीची खरीखुरी उत्सुकता होती, ती नेमकी आता त्या खोलीत उलगडणार होती, आणि मला उठून जाणं भाग होतं. शिडी न घेताच मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं. लिफ्ट खाली होती. ती येईपर्यंत मी तिथे उभा राहिलो. आतून निखिलचं बोलणं अस्पष्ट ऐकू येत होतं, शब्द लागत नव्हते. मध्येच तो थांबायचा. त्या थांबण्यात काका काहीतरी घुसवतील म्हणून मी कान देऊन होतो.

काका एवढंच म्हणाले, "हं." आणि बऱ्याच वेळाने, "मग?"